कायदेबाबांचा दर्या

भाड्याची खोली बघायला आम्ही पहिल्यांदा अंधेरीला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझ्या यजमानांना पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मासे खाता का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "समजा, विहिरीवर तुम्ही आणि शेजारी एकाच वेळी पोचलात. पाणी आधी कुणी काढायचं?"

यजमान गडबडले. म्हणाले, "शेजाऱ्यांनी."

"खोटं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावरसुद्धा?"

माझ्या सासूबाई मालवणकडच्या. उभं आयुष्य गिरणगावातल्या चाळीत नळावर भांडण्यात गेलेलं. त्या मागून पुढे झाल्या. "जेच्या घरात ल्हान पोरां आसत, तेणी आधी काढूचा."

म्हातारे एकदम ताठ झाले. "म्हणजे गरज. पाळी नव्हे, गरज! छान. परंतु गरज कुणाची मोठी, हे ठरवायचं कुणी?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

खोली आम्हाला मिळाली.

बाहेर पडताना सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "खुळो आसा गो ह्यो. पण वायट नाय." पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याविषयी हजार तऱ्हेचं बोललं गेलं, पण त्या पहिल्या दिवसाच्या मतात फार भर घालावी असं मला वाटलं नाही.

त्यांना कुणी 'मालक' म्हटलेलं खपत नसे. "मालक कसला? आपण सगळे वापरणारे," असं म्हणत. कोळीवाड्यात त्यांना कायदेबाबा म्हणत. तेच नाव आमच्या वाडीत आलं आणि राहिलं. सचिवालयात कायद्यांचे मसुदे लिहिण्यात त्यांची नोकरी गेली होती. मंत्री बोलणार, सचिव मान हलवणार आणि यांनी ते कलमांत बसवायचं. निवृत्त झाल्यावर ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या मनातलं लिहिलं. आता एक कायदा माझ्या मनातला." आणि त्यांच्या मनात होता समुद्र.

आता गंमत अशी की हा माणूस शुद्ध शाकाहारी. पोहता येत नव्हतं. होडीत पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, सांगायच्या, "आमच्या ह्यांना बादलीतलं पाणी जरा हललं तरी गरगरतं." रविवारी सगळी अंधेरी जुहूला हवा खायला जायची, तेव्हा हे काळी छत्री उघडून उलट्या दिशेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्याकडे चालू लागायचे. तिथे ओल्या वाळूला चप्पल लागणार नाही इतक्या अंतरावर उभं राहून समुद्राकडे असे बघायचे, की वाटावं याचं आणि त्याचं काहीतरी जुनं देणंघेणं आहे.

होतंही तसंच. ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीत असताना एका म्हाताऱ्या तांडेलाचा, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचा, अर्ज त्यांच्या टेबलावर आला होता. ज्या जागी त्याच्या बापाची जाळी लागत, तिथे दुसऱ्याच कुणी जाळी लावली होती. कायदेबाबांनी होती नव्हती ती पुस्तकं पालथी घातली. "जमिनीच्या बांधावर कायद्यांचे डोंगर आहेत हो. झाडाची फांदी शेजाऱ्याच्या परसात झुकली तर तिलाही कायदा आहे. समुद्राबद्दल काय सापडलं, माहीत आहे? पाण्यात सुरुंग उडवून मासे मारू नयेत आणि विष कालवू नये. संपलं. बाकी समुद्रात माणसानं माणसाला काहीही करावं." त्यांनी शेरा मारला, तरतूद नाही. बाहेर पडले तर तो तांडेल व्हरांड्यात उभा. त्यानं विचारलं, "सायेब, तरतूद नाय म्हंजे दर्या नाय काय?"

"मला उत्तर देता आलं नाही," कायदेबाबा म्हणाले आणि उठून विहिरीतलं पाणी किती खाली गेलंय ते बघायला गेले.

विहिरीवर त्यांचं बारीक लक्ष असायचं. आम्हा भाडेकरूंवर ते आपल्या कायद्याची चाचणी घेत असत, हे कळायला मला सहा महिने लागले. एका उन्हाळ्यात त्यांनी नियम काढला, जो आधी येईल त्यानं आधी भरावं. आठवड्याभरात शेजारचे दोन दांडगे भाऊ पहाटे उठून विहीर अडवायला लागले. मग पाळ्या लावल्या, तर पाळीच्या दिवशी एका घरची बाई तापानं फणफणलेली. आम्ही तावातावानं भांडत असू आणि हे ओसरीवर बसून खुशीत मांडीवर थाप मारत. "भांडा, भांडा! थांबू नका. यातूनच निघणार आहे ते." एकदा सासूबाईंनी कळशी आपटून विचारलं, "तुमका लाज नाय वाटत? बायल माणसांची झगडी लावून मजा बघतास?" तेव्हा मात्र ते ओशाळले. त्या दिवशी त्यांनी स्वतः रहाटाशी उभं राहून सगळ्यांच्या कळशा भरून दिल्या. दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले.

कायदा ते मराठीत लिहीत होते. त्या काळी हे चमत्कारिकच वाटे. त्यांचे जुने सहकारी चहाला आले की हसत. हे म्हणायचे, "ज्यानं पाळायचा, त्याला ऐकून कळला पाहिजे." त्यासाठी त्यांनी परीक्षक नेमली होती हिराबाई.

हिराबाई म्हणजे आमच्या वाडीत मासे घेऊन येणारी कोळीण. उंच, ठसठशीत, अंबाड्यात अबोली. नवऱ्याच्या दोन होड्या होत्या आणि एका होडीवर मोठा मुलगा जायचा. तिची पाटी आमच्या ओट्यावर उतरली की सासूबाई आणि ती बांगड्यांवरून भांडत, आणि ते आटोपलं की कायदेबाबा आपल्या ओसरीवरून वाचायला लागत.

"मत्स्यग्रहणाचे कोणतेही साधन…"

"ये कनाचं?" हिराबाई विचारायची.

"जाळं."

"मंग जालं म्हना ना. तोंडानं बरा बोलतंव नि कागदावर भटजी व्हतंव."

ते खोडायचे, 'जाळं' लिहायचे. पण सगळंच तिच्या मनासारखं होत नसे. एकदा ती म्हणाली, "लिवा, या दर्यात आमचे गावाशिवाय कोनी येवाचा नाय." त्यावर ते चिडले. "असं लिहिलं तर पलीकडचं गावही तेच लिहील. मग मासे कुठे जातील? मुलुंडला?" हिराबाई पाटी उचलून तरातरा निघून गेली आणि दोन दिवस फिरकली नाही. बांगड्यावाचून सासूबाईंचे हाल झाले. शेवटी त्या स्वतःच कोळीवाड्यात जाऊन तिची समजूत घालून आल्या.

पलीकडचं गाव म्हणजे खाडीच्या पलीकडचा कोळीवाडा. हिराबाईच्या गावाची मासेमारी डोलीची. समुद्राच्या तळाशी लांबलचक खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीची ओढ मासळीला आपसूक आत आणते. जाळं जागच्या जागी, चालतं ते पाणी. पलीकडच्यांचं उलटं. त्यांची जाळी पाण्यावर तरंगत, प्रवाहाबरोबर वाहत जाणारी. इतकी वर्षं दोघांचं निभत होतं, कारण शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीनं जाणार आणि समुद्र भरपूर. मग होड्यांना इंजिनं बसायला लागली. आधी पलीकडच्या गावात आली. सरकारला मासळी वाढायला हवी होती, गावालाही हवी होती, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण इंजिनाची होडी कुठेही, केव्हाही पोचायला लागली आणि तिची लांबच लांब जाळी वाहत वाहत डोलींच्या रानात शिरायला लागली.

कायदेबाबा हे येताना बघत होते. "बांध नसलेल्या शेतात नांगर सुटलाय," म्हणायचे. कुठे कुठे अर्ज केले त्यांनी. उत्तरं आली नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत ते घडलं. मी तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत असे, सुट्टी म्हणून घरी होते. दुपारी जेवणं चालली असताना हिराबाईची भाची धावत आली. पहाटे समुद्रात मारामारी झाली होती. तरंगती जाळी डोलींत अडकली, हिराबाईच्या गावच्यांनी ती कापली, पलीकडच्यांनी डोली कापल्या, मग वल्ही उगारली गेली. हिराबाईच्या मुलाचा उजवा हात कोपराखाली मोडला. चिडून यांच्या पोरांनी त्यांची इंजिनवाली होडी पकडून आणली, आतल्या माणसांना दुसऱ्या होडीतून परत हाकललं, आणि आता ती किनाऱ्यावर जाळायची म्हणून रॉकेल आणलं होतं. पलीकडचं गावही गप्प बसणार नव्हतं.

कायदेबाबा पानावरून उठले. छत्री घेतली आणि चालू लागले. त्यांना इतक्या भराभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई आणि मी मागून.

किनाऱ्यावर ही गर्दी. होडी पाण्याच्या कडेला नांगरलेली, बुडाशी लाटा खेळत होत्या. दोघे तरुण डबे घेऊन उभे. कायदेबाबा कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. ज्या ओल्या वाळूला ते चप्पल लावत नसत, ती तुडवत, धोतर भिजवत सरळ होडीपाशी गेले, एक मोडकी पेटी पायाखाली घेतली, कसेबसे आत चढले आणि आडव्या फळीवर बसून त्यांनी छत्री उघडली.

"बाबा, उतरा!" गलका झाला.

"ही होडी वादातली वस्तू आहे," ते ओरडले. "वादातली वस्तू जाळता येत नाही."

"कोनच्या कायद्यानं?" डबा घेतलेल्या पोरानं विचारलं.

"तो अजून झालेला नाही. होईपर्यंत मी इथे बसतो."

लोक हसले. पण त्यांच्या अंगावर रॉकेल कोण ओतणार? पोरं घुटमळली. तेवढ्यात भरती चढायला लागली. होडीनं तळ सोडला, जरा डावीकडे कलली, जरा उजवीकडे. कायदेबाबांचा चेहरा हळदीसारखा झाला. त्यांनी छत्री मिटली, काठावरून वाकले आणि सगळ्या गावादेखत त्यांना भडभडून ओकारी झाली. पोरंसोरं खिदळली. पुन्हा झाली. तिसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "उतरवा रे त्याला, मरंल." दोघंतिघं पुढे झाले, तर यांनी फळीला मिठी मारली.

काकू घोडागाडी करून आल्या होत्या. त्या वाळूवर हाताची घडी घालून उभ्या. "उतरवू नका," त्या थंडपणानं म्हणाल्या. "आज उतरवलंत, तर उरलेला जन्मभर माझ्यापुढे तेच सांगत बसतील."

आणि मग गर्दी दुभंगली. मुलाचा हात बांधून घेऊन हिराबाई डॉक्टरकडून परतली होती. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ती कमरेइतक्या पाण्यात शिरली, होडीच्या काठाला धरून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "माझे पोराचा हात मोरला. नि तुमी त्यांचे होरीन बसलंव?"

कायदेबाबा काठाला धरून सरळ बसले. त्यांनी तोंड पुसलं. "हिराबाई, ही जळली तर उद्या तुझी जळेल. परवा त्यांची दुसरी. पोराचा हात महिन्या-दोन महिन्यांत जुळेल. मग त्या हातानं वल्हवायला होडी नको का कुठली?"

लाट आली की होडी वर जायची, तिचा हात वर जायचा. मग तिनं ओच्यातून एक लिंबू काढलं, दातांनी फोडलं आणि त्यांच्या हातात दिलं. "चोखा. खाली नका बगू, डोंगराकरं बगा."

आणि मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "रॉकेल घरा न्या रे. चुली पेटवा त्यावं. नि त्यांचे पाटलाला सांगावा धारा. होरी पायजे तर इथं येऊन बोल, म्हनावं."

तिच्या मुलाचा हात मोडला होता. तिच्या शब्दापुढे दुसऱ्या कुणाचा शब्द चालणार नव्हता.

बोलणी आमच्या वाडीत झाली. त्यांच्या गावात हे जाणार नाहीत, यांच्या गावात ते येणार नाहीत, म्हणून कायदेबाबांचं अंगण. एका बाजूला हिराबाईच्या गावचे पंच आणि ती स्वतः. दुसऱ्या बाजूला पलीकडचा म्हातारा पाटील आणि त्यांचा नारायण नावाचा तरुण तांडेल, ज्याची होडी पकडली होती तो. हा नारायण जरा गुर्मीतच होता. मांडीवर मांडी टाकून बसलेला. मी शाळेतले रंगीत खडू आणले होते. सारवलेल्या अंगणात मी किनारा काढला, खाडीचं तोंड काढलं, देऊळ काढलं, मागचे डोंगर काढले. पाण्यात रेघ कशी मारणार, हा मला पडलेला प्रश्न. त्या लोकांना तो नव्हताच. देवळाचा कळस डोंगराच्या अमुक खांद्यावर दिसला की आपण कुठे आहोत, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. भांडण होतं ते रेघेच्या कुठल्या अंगाला कोण, याचं. सकाळभर तेच. मी रेघ पुसायची, पुन्हा मारायची. माझे हात कोपरापर्यंत निळे झाले.

दुपारी नारायण वैतागला. "सगला दर्या तुमाना पायजे! नि भांगाचे दिसांत तुमची जाली तर किनाऱ्यावं सुकत पडलेली असतात. तवा तो दर्या कोनाचा? कावल्याचा?"

कायदेबाबा ताडकन उठले. "थांब! काय म्हणालास? पुन्हा बोल."

नारायण दचकला. त्याला वाटलं काही चुकलं. त्यानं हळूच पुन्हा सांगितलं. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद पडते, त्याला भांग म्हणतात. पाण्याला ओढ नसली की डोलीत मासळी येत नाही, म्हणून त्या दिवसांत डोलीची जाळी उचलून घेतात. खुंट राहतात, पण ते खोल. वरून तरंगतं जाळं निर्धास्त जाईल.

"मी गाढव," कायदेबाबा म्हणाले. "मी नुसती जागा वाटत बसलो होतो. अहो, वेळ पण वाटायची!"

त्यानंतर जे झालं ते ऐकायला वेगळंच होतं. भांडणच चाललं होतं, पण आता दोन्हीकडची माणसं एकाच खडूच्या रेघेवर वाकून भांडत होती. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, रेघेच्या आत फक्त डोली. भांगाच्या दिवसांत तिथे तरंगत्या जाळ्यांनाही मोकळीक. रेघेबाहेर तरंगती जाळी बारमाही, आणि कुणाला तिथे डोल मारायची तर आधी पलीकडच्या पाटलाला विचारायचं. खाडीच्या तोंडाशी होड्यांची वाट कायम मोकळी. नारळी पौर्णिमेआधी कुणी जाळं टाकायचं नाही, इंजिन असो वा नसो. जो मोडेल, त्याचं जाळं एक उधाणभर दुसऱ्या गावच्या पाटलाच्या ओसरीवर पडून राहील. ही शिक्षा सासूबाईंनी सुचवली. चाळीत भांडकुदळ बाईची कळशी त्या अशीच ठेवून घेत असत म्हणे.

सगळे समाधानानं उठायला लागले तेव्हा हिराबाई बसूनच होती. "नि पोराचे हाताचा काय?"

कायदेबाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडेही याला कलम नव्हतं. मग पलीकडचा पाटील, जो दिवसभरात फारसा बोलला नव्हता, नारायणाकडे न बघता म्हणाला, "हात जुलंपरतं आमचा मानूस तुमचे होरीवं येल. वल्हं मारंल. मासली तुमची."

"कोन येल?"

"वल्हं ज्यानं मारलं, तोच."

नारायणाची मांडी खाली उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो खाडी ओलांडून आला, आणि हिराबाईचा मुलगा बरा होईपर्यंत येत राहिला. पहिले काही दिवस त्या होडीवर कुणी त्याच्याशी बोललं नाही म्हणे. मग एकदा वादळी वाऱ्यात शीड फाटलं, ते त्यानं सावरलं. त्या दिवशी हिराबाईनं त्याला भाकरी पाठवली. मी तिला विचारलं, "राग गेला?" ती म्हणाली, "राग कनाला जाल? पन उपाशी मानूस होरीवं नको."

गावांनी मानलं, तरी कायदेबाबांचं समाधान नव्हतं. "शब्द आहे तोवर ठीक. पाटील म्हातारा आहे. उद्याचा पाटील म्हणेल, मी कुठे बोललो होतो?" त्याच सुमाराला मासेमारीची पाहणी करायला सरकारचा एक अधिकारी किनाऱ्यानं हिंडत होता. तरुण, पॅंट-बुशशर्टातला, चेहऱ्यानं थकलेला. कायदेबाबांनी त्याला चहाला बोलावलं आणि चहा यायच्या आत अख्खा मसुदा वाचून दाखवला. मला वाटलं हा उठून जाणार. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आजोबा, खोटं सांगत नाही. हा कायदा आत्ता होणार नाही. वरती सगळ्यांना इंजिनं हवीत, टनावारी मासळी हवी. समुद्राला कुंपण घाला म्हटलं तर मला वेड्यात काढतील."

"मलाही काढलंच आहे," कायदेबाबा म्हणाले. "इतकं काही वाईट नसतं ते."

तो हसला. थोडा वेळ कपाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "दोन्ही गावांच्या मच्छीमार सोसायट्या आहेत ना? इंजिनं त्यांच्यामार्फतच येतात. सोसायटीला आपले उपविधी दुरुस्त करता येतात. सभासदांनी कुठे, कधी मासे मारायचे हे त्यात घाला. नोंदणी झाली की ते सभासदांवर बंधनकारक. विधानसभेची गरज नाही."

कायदेबाबांचा चेहरा मला अजून दिसतो. जन्मभर कायद्यात वावरलेला माणूस, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता. ते उठले आणि त्या पोरसवदा अधिकाऱ्याला त्यांनी वाकून नमस्कार केला. तो बिचारा इतका लाजला की चहा अर्धा टाकून गेला. उपविधी मंजूर व्हायला वर्ष गेलं, खेटे कायदेबाबांनीच घातले, पण झाले. पहिल्याच हंगामात हिराबाईच्याच गावच्या एकाचं जाळं पलीकडच्या पाटलाच्या ओसरीवर जाऊन पडलं. तो हिराबाईचा चुलत दीर होता. ती म्हणाली, "परू दे."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुढच्या वर्षी उत्तरेकडच्या एका गावाची माणसं आमच्या दारात येऊन उभी राहिली. फार संतापलेली. या दोन गावांनी आपली रेघ आखून घेतली, पण उधाणाच्या दिवसांत पलीकडच्यांची तरंगती जाळी रेघेबाहेरून वाहत आता या उत्तरेकडच्यांच्या डोलींत शिरत होती. "तुमी तुमचे घरचा केर आमचे दारात लोटला," त्यांच्यातली एक बाई कायदेबाबांच्या तोंडावर म्हणाली.

ते दोन दिवस जेवले नाहीत. वय झालं होतं, छातीत दुखायचं, डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलं होतं. काकूंनी मला हळूच विचारलं, "हे खचले का गं?" तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर येऊन म्हणाले, "तिन्ही गावांना बोलवा. अंगण पुरणार नाही. तुमची शाळा मिळेल का?"

दिवाळीची सुट्टी होती. हेडमास्तरांनी किल्ली दिली. शाळेच्या लांब पडवीत तिन्ही गावं बसली, बायका धरून. मी फळा बाहेर आणून ठेवला. कायदेबाबांसाठी वेताची खुर्ची. सुरुवातीला त्यांनीच बोलायला घेतलं, पण त्यांचा आवाज आता शेवटच्या रांगेपर्यंत जात नव्हता. मग उत्तरेकडची ती बाई बोलायला लागली, नारायण उठून तिला आडवा गेला, हिराबाई नारायणाला आडवी गेली. फळ्यावर रेघा मी मारत होते, पुसत होते, आणि एकदा मागे वळून पाहिलं तर कायदेबाबांची मान छातीवर कललेली. मी खडू टाकला. जवळ गेले. श्वास नीट चालू होता. गाढ झोप लागली होती त्यांना.

हिराबाईनं ओठांवर बोट ठेवलं. "हलू भांडा रे. बाबा निजलंय."

आणि खरंच, ती सगळी दर्यावर एकमेकांना हाका मारायची सवय असलेली माणसं कुजबुजत भांडायला लागली. मी तसं भांडण त्याआधी आणि त्यानंतर ऐकलं नाही. नारायण फळ्यापाशी येऊन खडूनं दाखवायचा, उत्तरेकडचे मान हलवायचे, हिराबाई डोळे वटारायची. कुणीतरी म्हणालं, वाऱ्याचे दिवस पण बघायला पायजेत. कुणीतरी म्हणालं, दर नारळी पौर्णिमेनंतर तिन्ही गावांनी बसायचं आणि रेघा पुन्हा तपासायच्या, दर्या काय एका जागी राहत नाही. हे कलम मसुद्यात कुठेच नव्हतं. कायदेबाबांना कधी सुचलं नव्हतं.

ऊन पडवीच्या पायरीवर आलं तेव्हा ते जागे झाले. आजूबाजूला बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, शाळेतली पोरं मास्तरांकडे बघतात तशी.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

नारायणानं सांगितलं. सावकाश, एकेक करून, मधूनमधून ती बाई आणि हिराबाई भर घालत होत्या. मी वाट बघत होते की आता ते 'परंतु' म्हणतील. ते कान देऊन ऐकत होते, ओठ हलवत होते, जणू चव घेत होते. नारायण थांबला. कायदेबाबांनी फळ्यावरच्या रेघा एकदा निरखल्या.

"बाबा, काय चुकलं काय?" उत्तरेकडच्या बाईनं विचारलं. तिचा आवाज आता निवळला होता.

"नाही," ते म्हणाले. खुर्चीचे हात धरून ते हळूहळू उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी होतं.

"मग मी घरी जाऊ?"